चिऱ्याचं घर, दोन होमस्टे खोल्या, एकच फायबर: वायफायची मांडणी आणि सुरक्षा कशी करावी?

खाडीकाठ

दापोली तालुक्यातलं घर आहे. मुख्य भिंती चिऱ्याच्या, दीड फुटाच्या आसपास जाड, वर कौलं. पुढे ओटी. ओटीला लागून रस्त्याच्या बाजूला दोन खोल्या, त्या होमस्टेसाठी दिलेल्या. मागे माजघर, स्वयंपाकघर आणि परसू. ओटी ते माजघराची मागची भिंत हे अंतर सरळ मोजलं तर १४ मीटर भरतं.

फायबर नुकतंच आलंय, १०० एमबीपीएसचा प्लॅन. केबलवाल्याने ओटीवर ओएनटी (फायबरमधून नेट देणारा डबा) लावून दिलाय, त्यालाच दोन्ही बँडचं वायफाय आहे आणि मागे चार लॅन पोर्ट (केबल जोडायच्या खाचा). वायफायचा पासवर्ड म्हणून घरचाच मोबाइल नंबर टाकलाय. ॲडमिनचं लॉगिन डब्याखालच्या स्टिकरवर जसंच्या तसं आहे.

वापर असा: आई-बाबांचे दोन फोन, एक टॅब, टीव्ही, जुना प्रिंटर (फक्त २.४ गिगाहर्ट्झ), दोन कॅमेरे (एक फाटकावर, एक परसात). पाहुणे असले की आणखी पाच-सहा फोन. शिवाय एक चांगला एसी१२०० राउटर हाताशी आहे, सगळे पोर्ट गिगाबिट, पण त्यात व्हीलॅनची (एकाच केबलवर वेगवेगळी जाळी करण्याची) सोय नाही.

विचारायचंय ते हे. पाहुण्यांना नेट मिळावं, पण त्यांना घरातले कॅमेरे-प्रिंटर दिसू नयेत, हे कसं साधायचं? स्वयंपाकघरात २.४ चा सिग्नल -८२ डीबीएम येतो (आकडा शून्यापासून जितका लांब तितका सिग्नल कमजोर) आणि ५ गिगाहर्ट्झ तर ओटी ओलांडतच नाही, तिथे एक्स्टेंडर लावावा का? वायफायचं नाव लपवणं आणि मॅक फिल्टर (यंत्राचा मॅक पत्ता बघून ठरावीक यंत्रांनाच जोडू देणं) यांचा उपयोग होतो का? लाइट गेल्यावर दोन-तीन तास नेट चालावं यासाठी काय घ्यावं? आणि आई-बाबा घरी दोघंच असतात, तेव्हा कॅमेरे पुण्याहून बघायचे तर काय करावं? गणपतीत चार दिवस हातात आहेत, त्यात सगळं बसवायचंय.

---

स्प्लायसर

सगळ्यात आधी: ओएनटीच्या मागचं रीसेटचं भोक दाबू नका. वायफायचा पासवर्ड विसरला की लोक पहिलं तेच करतात. रीसेटने पीपीपीओईचं (ऑपरेटरकडे लॉगिन करून नेट जोडायच्या पद्धतीचं) युजरनेम, त्याचा पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी पुसले जाऊ शकतात. मग ऑपरेटरने ते परत भरेपर्यंत नेट बंद, आणि गणपतीत माणूस मिळणं कठीण.

म्हणून सुरुवात अशी करा. लॅपटॉप केबलने ओएनटीच्या पहिल्या लॅन पोर्टला जोडा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा (पत्ता वेगळा असेल तर स्टिकरवर असतो). वॅनच्या (बाहेरच्या नेट जोडणीच्या) पानाचा फोटो काढून ठेवा. जोडणी पीपीपीओई आहे की डीएचसीपी (पत्ता आपोआप मिळणारी), व्हीलॅन आयडी किती, मोड राउट आहे की ब्रिज, हे सगळं त्यात यायला हवं. पीपीपीओईचा पासवर्ड तिथे ठिपक्यांत दिसेल, तो ऑपरेटरकडून मागून कागदावर लिहून ठेवा.

त्याच मेनूत पॉन किंवा ऑप्टिकल इन्फो नावाचं पान असतं. त्यातला रिसीव्ह पॉवरचा आकडा आजच्या तारखेसकट टिपून ठेवा. सध्याच्या बहुतेक घरगुती जीपॉन जोडण्यांमध्ये ओएनटी -८ ते -२७ डीबीएम एवढ्यात चालतो. -१५ ते -२३ मध्ये असाल तर निश्चिंत राहा. -२५ च्या खाली असाल तर आत्ताच तक्रार द्या, कारण पावसात खांबावरच्या जॉइंटमध्ये पाणी शिरलं की आकडा आणखी घसरतो आणि एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागतो. हा टिपलेला आकडा पुढे फार कामाला येतो. नेट मंदावलं आणि आकडा तोच असेल तर दुखणं घरात आहे. आकडा ३ ने खाली गेला असेल तर याचा अर्थ प्रकाश निम्मा झालाय, दुखणं बाहेर आहे, ऑपरेटरला तोच आकडा सांगा.

फायबरच्या पिवळ्या वायरीचं वेटोळं चहाच्या कपाच्या तोंडापेक्षा लहान करू नका. हिरव्या टोकाच्या कनेक्टरच्या पांढऱ्या सुळक्याला बोट लावू नका, तेलकट डाग पडला तरी सिग्नल खातो. आणि उघड्या टोकात डोळा लावून कधीच बघू नका. तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही, म्हणून तो नाही असं होत नाही.

लॉगिनबद्दल. ओएनटीला बहुधा दोन खाती असतात, एक ग्राहकाचं आणि एक ऑपरेटरचं, वरच्या अधिकाराचं. तुमच्याकडे असेल त्याचा पासवर्ड बदलाच, पण दुसऱ्याचा पासवर्डही कारखान्यातून आलेला तोच ठेवू नका असं ऑपरेटरला सांगा. ठरावीक मॉडेलांचे हे पासवर्ड इंटरनेटवर याद्यांमध्ये पडलेले आहेत. २०१६ मध्ये मिराय नावाच्या मालवेअरने कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते अशाच साठेक फॅक्टरी पासवर्डांच्या यादीवर. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनीत डॉइच टेलिकॉमचे सुमारे ९ लाख ग्राहक अडकले ते रिमोट मॅनेजमेंटचं पोर्ट ७५४७ बाहेरच्या जगाला उघडं होतं म्हणून. टीआर-०६९ ही दुरून ओएनटी हाताळायची सोय ऑपरेटर स्वतःच्या कामासाठी वापरतो, ती तुम्ही बंद करू नका. पण तुमच्या मेनूत वॅनकडून वेब लॉगिन, टेलनेट, रिमोट मॅनेजमेंट असं जे काही चालू दिसेल ते बंद करा.

लाइटचं. मिनी यूपीएस (बॅटरीचा लहान डबा) घ्या, पण आधी ओएनटी आणि राउटरच्या ॲडॉप्टरवरचे आकडे वाचा. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत (बहुतेक १२, पण काही राउटर ९ वर चालतात), ॲम्पिअर तितकेच किंवा जास्त चालतील, आणि पिनच्या मधोमध धन असल्याची खूण दोन्हीकडे सारखी हवी. मिनी यूपीएसवर १०,००० एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं. म्हणजे ३७ वॅट-तास, १२ व्होल्ट करताना होणारी गळती धरून हातात ३० च्या आसपास. ओएनटी आणि राउटर मिळून १४ वॅट ओढत असतील तर दोन तास. प्रत्येकाला वेगळा मिनी यूपीएस दिलात तर चार. घरात इन्व्हर्टर असला तरी एक लहान मिनी यूपीएस मध्ये ठेवा. लाइट जाऊन इन्व्हर्टर चालू होताना जो क्षणभर खंड पडतो त्यात काही डबे रीस्टार्ट होतात आणि पीपीपीओई परत जोडायला दोन मिनिटं घेतात.

---

तांब्याची_तार

एक्स्टेंडर नको. तो त्याच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. त्यातही तो -८२ च्या जागी लावला तर त्याला स्वतःलाच धड ऐकू येत नाही. व्हिडिओ कॉल बिनअडथळा चालायला फोनपाशी -६७ डीबीएम किंवा त्याहून बरा सिग्नल हवा. चिरा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो आणि ओली भिंत ५ गिगाहर्ट्झ जवळपास गिळून टाकते. मे महिन्यात मोजून बसवलेलं जुलैत चालत नाही ते यामुळे. अशा घरात वायर हाच उपाय आहे.

ओएनटीपासून माजघरापर्यंत कॅट६ केबल. १४ मीटर सरळ अंतर म्हणजे वर चढून, वाशाला धरून, खाली उतरून २२-२३ मीटर लागेल. ३० मीटर घ्या. घेताना शुद्ध तांब्याची, सॉलिड कंडक्टरची मागा. स्वस्त बंडलात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. जॅकमध्ये दाबताना त्याची तार तुटते, आणि समुद्राच्या दमट हवेत तिचे सांधे लवकर खराब होतात. ओळखायचं कसं? टोक पातीने खरवडा, आत पांढरी चमक दिसली तर परत करा.

भिंतीला भोक १० मिलिमीटरच्या लांब मेसनरी बिटने पाडा. केबल सहा मिलिमीटरची असते, जॅक बारा-एक मिलिमीटर रुंद. म्हणून केबल आधी ओवायची आणि जॅक नंतर दाबायचा, नाहीतर उगाच मोठं भगदाड पडतं. बाहेरच्या भिंतीत भोक पाडावंच लागलं तर बाहेरच्या बाजूला उतार ठेवा आणि केबलला भोकाखाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, आत येत नाही. लाइटच्या वायरपासून वीतभर लांब न्या. ओलांडावीच लागली तर काटकोनात.

दोन्ही टोकांना रंगांचा क्रम सारखाच, जॅकची खिट्टी खाली, तांब्याचे पत्रे वर आणि केबल शिरायचं तोंड तुमच्याकडे ठेवून डावीकडून: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. चूक नेहमी तिसऱ्या आणि सहाव्या जागी होते. हिरवी जोडी लागोपाठ बसवायचा मोह होतो, पण तिच्या मध्ये निळी जोडी येते.

जोडून झालं की लिंकचा वेग बघा. गिगाबिट पोर्टांमध्ये १००० दिसायला हवा. १०० दिसला तर ४, ५, ७, ८ पैकी एखादी तार बसलेली नाही, कारण १०० एमबीपीएसला १, २, ३, ६ एवढ्याच लागतात. पण त्याआधी ओएनटीचे पोर्ट तपासा. पुष्कळ स्वस्त ओएनटींमध्ये एकच पोर्ट गिगाबिट असतो आणि बाकीचे १०० चे. १०० च्या पोर्टवर स्पीड टेस्ट ९४ च्या आसपास थांबते, त्यात केबलचा दोष नाही.

राउटर माजघरात माणसाच्या डोक्याच्या वर लावा, मोकळ्यावर. फ्रिजवर, लोखंडी कपाटात किंवा आरशामागे नको. २.४ ला रुंदी २० मेगाहर्ट्झ आणि चॅनेल १, ६ किंवा ११ एवढेच. शेजारच्या चॅनेलांमध्ये ५ मेगाहर्ट्झचंच अंतर असतं, त्यामुळे ३ किंवा ८ वर ठेवलात तर दोन्हीकडच्यांशी टक्कर. ओएनटी १ वर, राउटर ११ वर ठेवा. ५ ला ओएनटी ३६, राउटर १४९, रुंदी ८०.

राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये (तो नुसतं वायफाय पसरवतो) टाका: त्याचा डीएचसीपी बंद, पत्ता १९२.१६८.१.२, केबल लॅनमधून लॅनमध्ये. दोन्हीकडे नाव-पासवर्ड एकच ठेवा, फोन आपोआप जवळचा धरतात. पाहुण्यांना ओएनटीचं गेस्ट नेटवर्क द्या.

---

बंदर२२

केबलबद्दल वर लिहिलेलं सगळं तसंच करा. शेवटच्या परिच्छेदाशी मात्र मी सहमत नाही, आणि या घरासाठी तो फरक मोठा आहे.

ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये ओएनटी आणि राउटर मिळून एकच सलग जाळं होतं. गेस्ट नेटवर्क वेगळं राहील की नाही हे पूर्ण ओएनटीच्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर, आणि त्यात पुष्कळदा गेस्ट म्हणजे नुसतं दुसरं नाव असतं, आतलं जाळं तेच. शिवाय राउटरवरूनही गेस्ट द्यायचं ठरवलंत तर व्हीलॅन नसल्यामुळे तिथला पाहुणा सरळ घरच्या जाळ्यात उतरतो.

तुमच्या घराची रचनाच यावरचा सोपा उपाय देते. पाहुणे पुढे, घर मागे. मग जाळंही तसंच लावा: ओएनटीचं वायफाय पूर्णपणे पाहुण्यांचं. तुमचा राउटर राउटरच राहू द्या, ओएनटीकडून आलेली केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये घाला, घरातलं सगळं त्याच्या मागे. आतला माणूस बाहेर जाऊ शकतो, बाहेरचा आत येऊ शकत नाही, कारण राउटरचं नॅट (आतल्या सगळ्या यंत्रांना बाहेर एकच पत्ता दाखवणारी सोय) आणि फायरवॉल आतून न मागितलेली कुठलीही जोडणी टाकून देतं. उलटं कधी करू नका. पाहुण्यांना आतल्या राउटरवर ठेवलं तर ते वॅनकडे, म्हणजे तुमच्या घराच्या जाळ्याकडे, सुखाने पोहोचतात. ही चूक फार जण करतात.

दोन नॅटांचा तोटा? ऑनलाइन गेम आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आतल्या यंत्रापर्यंत वाट उघडून देणं), एवढाच. टीव्ही, व्हिडिओ कॉल, बँक, कॅमेऱ्याचं ॲप यांना काही फरक पडत नाही.

आता तपशील.

राउटर जोडण्याआधी त्याचा लॅन पत्ता बदला, १९२.१६८.५०.१ करा. दोन्हीकडे १९२.१६८.१.१ राहिला तर राउटरला बाहेर कुठे आणि आत कुठे हेच कळत नाही, आणि फोनवर "कनेक्टेड, पण इंटरनेट नाही" असं येतं. पुष्कळदा दुसरा राउटर "खराब निघाला" म्हणून परत जातो तो याच कारणाने. वॅनचा प्रकार डीएचसीपी किंवा ऑटो. पीपीपीओई ओएनटी करतोय, इथे परत भरायचं नाही.

ओएनटीवर: पाहुण्यांना त्याचं मुख्य वायफायच द्या, आणि क्लायंट आयसोलेशन (कुठे एपी आयसोलेशन लिहिलेलं असतं) चालू करा. म्हणजे एका खोलीतला पाहुणा दुसऱ्या खोलीतल्याचा लॅपटॉप पाहू शकत नाही. ॲडमिनचा पासवर्ड इथे सगळ्यात महत्त्वाचा, कारण ओएनटीचं लॉगिन पान पाहुण्यांच्या आवाक्यात आहे. तो वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा आणि लांब असू द्या. वायफायकडून ॲडमिन लॉगिन बंद करायची सोय असेल तर करा, मग बदल करायला केबलच लागेल.

दोन्ही डब्यांवर: डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी पिनने वायफाय जोडायची सोय) बंद. त्याच्या आठ अंकी पिनचा शेवटचा अंक नुसता पडताळणीचा असतो आणि उरलेले सात राउटर दोन तुकड्यांत तपासतो, आधी चार, मग तीन. म्हणजे एक कोटी प्रयत्नांऐवजी जास्तीत जास्त ११,०००. हे २०११ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झालं, आणि आजही ही सोय चालू ठेवून डबे विकले जातात. यूपीएनपी बंद. ते चालू असलं की आतलं कुठलंही यंत्र तुम्हाला न विचारता राउटरला दार उघडायला सांगू शकतं, आणि स्वस्त कॅमेरे ते सांगतातच.

एन्क्रिप्शन: आतल्या राउटरवर डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र. जुना प्रिंटर मिश्र मोडमध्ये अडखळला, म्हणजे पासवर्ड बरोबर असून जोडत नसेल किंवा जोडून सुटत असेल, तर २.४ वर फक्त डब्ल्यूपीए२ एईएस ठेवा आणि ५ वर मिश्र. टीकेआयपी (एन्क्रिप्शनची जुनी पद्धत) कुठेही नको. ते कमकुवत आहेच, शिवाय त्यावर वायफाय ५४ एमबीपीएसवर अडकतं. आयफोन "वीक सिक्युरिटी" दाखवत असेल तर बहुधा हेच चालू राहिलेलं असतं.

आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) कडे लक्ष द्या, ते नेहमी सुटतं. आतल्या राउटरवर आयपीव्ही६ "पासथ्रू" असेल तर आयपीव्ही६ पुरती ती भिंत पारदर्शक होते आणि पाहुण्यांकडून आत वाट मिळू शकते. पासथ्रू वापरू नका. राउटरचं आयपीव्ही६ फायरवॉल चालू असल्याची खात्री नसेल तर आतल्या राउटरवर आयपीव्ही६ बंदच ठेवा, घरात काही अडणार नाही.

फर्मवेअर (डब्यातलं सॉफ्टवेअर) दोन्हीकडे तपासा. राउटरचं कंपनीच्या साइटवरून, मॉडेल आणि हार्डवेअर व्हर्जन दोन्ही जुळवून (स्टिकरवर व्ही१, व्ही२ असं असतं, चुकीचं चढवलं तर डबा मेला). अपडेट चालू असताना लाइट जाता कामा नये, म्हणून आधी मिनी यूपीएस, मग अपडेट.

झालं की तपासा. फोन पाहुण्यांच्या वायफायवर घ्या आणि १९२.१६८.५०.१ उघडून बघा, प्रिंटरचा पत्ता उघडून बघा. काहीही उघडता कामा नये. नेटवर्क स्कॅनरचं कुठलंही साधं ॲप चालवलंत तर ओएनटी आणि फार तर राउटरचं वॅनचं टोक दिसेल, कॅमेरे दिसले तर केबल वॅनऐवजी लॅनमध्ये गेली आहे.

---

खाडीकाठ

ही मांडणी पटली, अशीच करतो. दोन अडचणी. फाटकावरचा कॅमेरा वायफायचा आहे आणि तिथे फक्त ओएनटीचा सिग्नल पोहोचतो, म्हणजे तो पाहुण्यांच्या जाळ्यात जाईल. माजघरापासून फाटक केबलच्या वाटेने ३८ मीटर आहे. दुसरं, पाहुण्यांचा पासवर्ड मोबाइल नंबरच ठेवला तर खरंच किती धोका? त्यांना सांगायला सोपा पडतो.

---

रात्रपाळी

मोबाइल नंबरचं गणित सरळ आहे. एखादा फोन वायफायला जोडला जातो तेव्हा राउटर आणि फोन यांच्यात जी देवाणघेवाण होते ती रस्त्यावर उभं राहून टिपता येते. मग पासवर्ड ओळखायचं काम घरी नेऊन करता येतं, राउटरला पत्ताही लागत नाही. डब्ल्यूपीए२ मध्ये प्रत्येक अंदाजाला ४,०९६ फेऱ्या लागतात, तरी हल्लीचं एक दमदार ग्राफिक्स कार्ड सेकंदाला २० लाख अंदाज तपासू शकतं. भारतीय मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. भागाकार केलात तर २,००० सेकंद, तेहेतीस मिनिटं. आठ अंकी जन्मतारीख तर आठ अंकांच्या सगळ्या शक्यता धरल्या तरी ५० सेकंद. आणि तुमच्या बाबतीत तो नंबर होमस्टेच्या पाटीवर लिहिलेला असणार, तिथे अंदाजही लागत नाही.

याउलट १२ अक्षरं, फक्त लहान इंग्रजी लिपीतली, पण खरोखर वाटेल तशी निवडलेली: त्याच कार्डाला सगळ्या शक्यता संपवायला १,५०० वर्षं. लक्षात राहायला हवा असेल तर एकमेकांशी संबंध नसलेले पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहा: विळी, तांबट, रविवार, होकायंत्र, फणस, असे. हेच पाच नकोत, कारण ते आता इथे छापले गेले. म्हण किंवा गाण्याची ओळ घेऊ नका, त्यांच्याही याद्या असतात. हद्द ८ ते ६३ अक्षरांची आहे, तेव्हा लांबीला घाबरू नका. सांगायला सोपं हवं तर फोनमधून क्यूआर कोड काढून छापा आणि खोलीच्या आतल्या बाजूला लावा, ओटीवर नको. रस्त्यावरून झूम करून वाचता येतो. पाहुणे गेले की पासवर्ड बदला, निदान महिन्याला एकदा. बदलायचा तो ओएनटीवरचा, घरच्या एकाही यंत्राला हात लागत नाही, हा वरच्या मांडणीचा आणखी एक फायदा.

पाहुण्यांचं जाळं उघडं, बिनपासवर्डचं ठेवायचा विचार मनात आला तर २००८ आठवा. २६ जुलै २००८ च्या अहमदाबाद स्फोटांच्या वेळी आलेल्या धमकीच्या ईमेलचा माग पोलिसांनी काढला तेव्हा तो सानपाड्याच्या एका घरातल्या असुरक्षित वायफायपर्यंत पोहोचला. सप्टेंबरमधल्या दिल्ली स्फोटांच्या ईमेलचा माग चेंबूरला लागला. तपास पहिल्यांदा येतो तो ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याच्या दारात. होमस्टेचं रजिस्टर नीट ठेवा, तारखा आणि खोली यांसह. पासवर्ड कधी बदलला तेही त्याच वहीत लिहा.

नाव लपवण्याचा उपयोग शून्य, उलट तोटा. लपवलेलं नाव तुमच्या फोनला सतत हाका मारून शोधावं लागतं, बाजारात गेलात तरी फोन ते नाव पुकारत राहतो आणि बॅटरी खातो. कोणी ऐकत असेल तर त्याला ते नाव पहिल्या जोडणीत कळतं. मॅक फिल्टरही तसंच. मॅक पत्ता हवेतून उघडा जातो, तो बघून आपल्या यंत्राला तोच लावणं एका मिनिटाचं काम. आणि अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला वेगळा बनावट मॅक दाखवतात, त्यामुळे अडकतील ते तुमचेच पाहुणे. यावर घालवायचा वेळ लांब पासवर्डवर घालवा. नावात मात्र घराचं नाव, आडनाव किंवा राउटरचं मॉडेल नको. मॉडेल कळलं की कुठली पळवाट शोधायची तेही कळतं.

---

तांब्याची_तार

पाहुणे-पुढे-घर-मागे ही मांडणी माझ्या सुचवणीपेक्षा या घराला बरी आहे, तसंच करा.

फाटकासाठी पीओई (नेटच्याच केबलीतून वीज घेणारा) कॅमेरा घ्या, वायफायचा परसात हलवा. ३८ मीटर म्हणजे काहीच नाही, मर्यादा १०० ची आहे. राउटरच्या लॅन पोर्टपासून ८०२.३एएफ इंजेक्टर, तिथून एकच केबल कॅमेऱ्यापर्यंत, त्यातूनच वीजही जाते. हे मानक १५.४ वॅटपर्यंत देतं, कॅमेऱ्याला रात्रीच्या इन्फ्रारेडसकट सहा-सात पुरतात. "१२ व्होल्ट पॅसिव्ह" लिहिलेला स्वस्त इंजेक्टर घेऊ नका. ३८ मीटरवर व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा दिवसा चालतो, इन्फ्रारेड लागलं की रीस्टार्ट होत राहतो.

बाहेरची केबल काळ्या आवरणाची, उन्हाला टिकणारी, आणि ती पीव्हीसी पाइपातून. राखाडी घरगुती केबलचं आवरण उन्हाने तडकतं आणि पाणी आत शिरून केबलीतूनच घरापर्यंत वाहत येतं. कॅमेऱ्याकडचा जॅक उघडा सोडू नका, सोबत येणारी पाणीबंद टोपी लावा आणि सांधा झाकलेल्या डबीत ठेवा. खाऱ्या हवेत उघडा जॅक वर्षभरही टिकत नाही, पत्र्यांवर हिरवा थर चढतो.

वीज पडण्याचं बघा. फायबर काचेचं असतं, त्यातून झटका येत नाही. पण फाटकापर्यंतचं तांबं अंगणातून जाणार, जवळपास वीज पडली की त्यात झटका उठतो आणि राउटरचा पोर्ट जातो. इंजेक्टर आणि राउटर यांच्यामध्ये अर्थिंग केलेला इथरनेट सर्ज प्रोटेक्टर लावा, आणि घराचं अर्थिंग खरंच आहे ना ते वायरमनकडून मोजून घ्या. मे अखेरीच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात फाटकाची केबल राउटरकडून काढून ठेवणं सगळ्यात भरवशाचं. त्या केबलला लाल टेप गुंडाळा, म्हणजे फोनवरून "लाल टेपची काढा" एवढंच सांगावं लागेल.

---

बंदर२२

पुण्याहून बघण्याचं राहिलं. ओएनटीच्या वॅन पानावरचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यात असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटलेला. तिथे पोर्ट फॉरवर्डिंग चालत नाही. नसलात तरी ते करू नका, कॅमेऱ्याचं लॉगिन पान जगासमोर मांडण्यासारखं आहे ते.

कॅमेऱ्याच्या कंपनीचं ॲप वापरायचं तर त्या खात्याला वेगळा पासवर्ड आणि दोन टप्प्यांचं लॉगिन, आणि कॅमेऱ्याचा स्वतःचा फॅक्टरी पासवर्ड बदललेला. कंपनीच्या सर्व्हरवर भरवसा ठेवायचा नसेल तर माजघरात एक रास्पबेरी पाय (छोटा संगणक) ठेवून त्यावर टेलस्केल (दुरून घरच्या जाळ्यात सुरक्षित वाट देणारं सॉफ्टवेअर) सबनेट राउटर म्हणून चालवा. ते सीजीनॅटमधूनही वाट काढतं, एकही पोर्ट उघडावा लागत नाही, आणि पुण्यातून १९२.१६८.५०.१ थेट उघडून राउटरही रीस्टार्ट करता येतो. मेमरी कार्ड चांगल्या प्रतीचं घ्या, आणि पायलाही मिनी यूपीएसवर ठेवा. वारंवार लाइट गेली तर कार्डावरच्या फाइली बिघडतात.

वायफायचा कॅमेरा जोडताना फोन २.४ वर असावा लागतो. आतल्या राउटरवर दोन्ही बँडना एकच नाव असेल तर तेवढ्यापुरतं ५ बंद करा, कॅमेरा जोडला गेला की परत चालू करा.

आई-बाबांसाठी ओएनटीच्या स्विचवर "१" आणि राउटरच्या स्विचवर "२" चिकटवा. नेट अडलं तर दोन्ही बंद, तीस सेकंद थांबून १ चालू, पॉनचा हिरवा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला की २ चालू. दिवा लाल असेल तर २ ला हात न लावता ऑपरेटरला फोन. ऑपरेटरचा नंबर, ग्राहक क्रमांक आणि आज टिपलेला ऑप्टिकल पॉवरचा आकडा त्याच कागदावर लिहून ओएनटीशेजारी भिंतीला लावा. ॲडमिनचे पासवर्ड त्या कागदावर नकोत, ते कपाटातल्या वहीत.